एका सामन्यातील दोन खेळ्या: मॅजिक आणि विल्क्स

16 मे 1980 रोजी फिलाडेल्फियात झालेल्या एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात, घोट्याच्या दुखापतीमुळे मुख्य सेंटर (बास्केटजवळ खेळणारा, सहसा सर्वांत उंच खेळाडू) करीम अब्दुल-जब्बार संघात नसतानाही, लॉस एंजेलिस लेकर्सनी फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सचा 123-107 असा पराभव करून विजेतेपद मिळवले. त्यात लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनचे 42 गुण, 15 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) आणि 7 असिस्ट (सहकाऱ्याला थेट बास्केट करता येईल असे पास) होते, तर त्याचा सहकारी जमाल विल्क्सचे 37 गुण आणि 10 रिबाउंड. गुणांतील अंतर अवघे पाचाचे आहे. मात्र पहिलाच हंगाम खेळणाऱ्या 20 वर्षांच्या मॅजिकने, मुळात गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू) असूनही, सेंटरच्या जागेवरून सामना सुरू केला आणि 14 पैकी 14 फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणाऱ्या विनाअडथळा फेकी) साधले, त्यामुळे माझ्या मते त्याचेच पारडे जड आहे. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. तरीही विल्क्सचे 37 गुण त्या झळाळीत झाकोळले गेले, हे मला मनापासून खटकते.