मीटर खरा बोलत होता, मी ‘सरां’चं ऐकलं आणि ४१,४४८ रुपये घालवले

लिहू की नको करत दोन महिने काढले. लाज वाटते हो. सोळा वर्षं रबाळ्याला कंपनीत मेंटेनन्सला आहे, मोटर, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले यात शिफ्टमध्ये कोणी माझा हात धरणार नाही, आणि मलाच एका अ‍ॅम्प्लिफायर रिपेअरिंगच्या क्लासवाल्याने टोपी घातली. पेन्सिल पॅकिंग, डेटा एन्ट्री वगैरे मेसेज यायचे ते मी स्वतः फॅमिली ग्रुपवर ‘फ्रॉड आहे, लांब रहा’ म्हणून टाकायचो. आता त्याच ग्रुपवर मेव्हणा मला पेन्सिलचा फोटो पाठवतो.

कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला होता. आमच्या ऐरोलीत आणि पलीकडे ठाण्यात गणपती, दहीहंडी, नवरात्र म्हटलं की गल्लोगल्ली साउंड, आणि ऐन टायमाला अ‍ॅम्प्लिफायर बसला की मंडळवाले माणूस शोधत फिरतात. इलेक्ट्रिकल येतं, आता इलेक्ट्रॉनिक्स शिकून घेऊ असा हिशोब. यात काय चूक होती सांगा. जाहिरात अशी: चिप लेव्हल अ‍ॅम्प्लिफायर रिपेअरिंग, ८ रविवार, शंभर टक्के प्रॅक्टिकल, नंतर घरबसल्या जॉबवर्क, बोर्डामागे ४०० रुपये. वागळे इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर खरोखरचा गाळा होता, टेबलं होती, सोल्डरिंगचा धूर होता, २२ जण बसलेले. नुसत्या फोनवरचा कारभार असता तर मी एक रुपया दिला नसता.

पैसे कसे गेले ते नीट लिहितो. बुकिंग ९९९. फी १४,९९९ (म्हणे मूळ २४,९९९, पण ‘आज भरलीत तर’. आज भरलीत तर म्हणणाऱ्याला उद्या येतो म्हणा, दुसरं काही बोलू नका). किट ४,८५०, त्यात २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री, एक पिवळा मल्टिमीटर, ४४४० आयसीचा बोर्ड, छोटा ट्रान्सफॉर्मर आणि ५२००-१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या दोन जोड्या. हेच सगळं मी नंतर लॅमिंग्टन रोडला विचारलं, साधारण १,३०० मध्ये बसत होतं, आणि त्या किटमधल्या ट्रान्झिस्टरवरचं छापील नाव थिनरच्या बोळ्याने पुसलं गेलं, खालून दुसराच नंबर निघाला. स्टॅम्प पेपर आणि अ‍ॅग्रीमेंटचे ६००. आणि जॉबवर्कचं डिपॉझिट, एका बोर्डाला १,००० प्रमाणे २० बोर्डांचे २०,०००. हे २०,००० बायकोच्या भिशीचे होते. बेरीज ४१,४४८.

आता तो दुसरा रविवार. हा रविवार मला झोपू देत नाही.

सरांनी, म्हणजे त्याच क्लासवाल्याने, एक बंद पडलेला मोठा अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर घेतला. झाकण उघडलं, हिटसिंककडे (ट्रान्झिस्टर थंड ठेवणारा धातूचा तुकडा) बघून म्हणाले, आउटपुट गेलंय. मीटर हातात घेतला नाही, फ्यूज बघितला नाही, प्लस-मायनस सप्लाय येतोय का बघितलं नाही. ५२०० आणि १९४३ ची जोडी उपटली, नवी लावली, मागे काहीतरी हात फिरवला आणि पिन सरळ सॉकेटमध्ये घातली. गाणं सुरू. टाळ्या. चार मिनिटांत.

मी, ज्याने आयुष्यात कधी रिवाइंड करून आलेली मोटर सिरीज लॅम्पशिवाय सुरू केली नाही, तो मी हात वर करून विचारलं, सर, सिरीज बल्ब नको का? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मेनच्या लाइनमध्ये साधा पिवळा फिलामेंटचा बल्ब सिरीजला लावायचा, ६० किंवा १०० वॅटचा, एलईडी चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि नवे ट्रान्झिस्टर वाचतात. क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायचं. सर हसले, म्हणाले, “काका, तो नवशिक्यांसाठी. आपल्याला कॉन्फिडन्स पाहिजे.” सगळे हसले, मी पण हसलो. मी पण!

इथेच उठायला पाहिजे होतं. पण पुढचं याहून वाईट. उपटलेली जोडी मी आठवण म्हणून मागून घेतली आणि रात्री घरी मीटरच्या डायोड मोडवर लावली. ५२०० एनपीएन, लाल पिन बेसला, काळी कलेक्टरला आणि मग एमिटरला (ट्रान्झिस्टरचे हे तीन पाय), दोन्हीकडे ०.५ च्या वर. उलटं केलं तर काही नाही. कलेक्टर-एमिटर दोन्ही बाजूंनी ओपन. १९४३ पीएनपी, पिना उलट धरून तेच. म्हणजे दोन्ही ट्रान्झिस्टर ठणठणीत! ‘गेलेलं’ आउटपुट माझ्या हातात चांगलं होतं. अ‍ॅम्प्लिफायर बंद नव्हताच, मागे नुसती स्पीकरची वायर काढून ठेवली असणार. आणि मी काय निष्कर्ष काढला? की मला मोजता येत नाही. सोळा वर्षं मीटर वापरणारा माणूस मीटरवर अविश्वास दाखवतो आणि तीन आठवड्यांची ओळख असलेल्या माणसाला पुढच्या रविवारी १,००० च्या हिशोबाने वीस हजार देतो.

बाकीच्या रविवारी काय शिकवलं विचारू नका. रेझिस्टरचे कलर, सोल्डरिंग, परत कलर.

मग जॉबवर्कचे, दुरुस्त करायचे बोर्ड मिळाले. तीन आठवडे रात्री गॅलरीत टेबल टाकून बसलो. एमिटरचे ०.२२ ओहमचे रेझिस्टर जळलेले, ते बदलले, जोडी बदलली (माझ्या पैशाने, लॅमिंग्टन रोडवरून, ते ४१,४४८ मध्ये धरलेलं नाही), सिरीज बल्ब मंद झाला, वाटलं जमलं. स्पीकर लावायच्या आधी आउटपुटला डीसी मोजला तर ३४ व्होल्ट. तिथे शून्याच्या आसपास पाहिजे, काही मिलिव्होल्ट चालतात. ३४ म्हणजे पूर्ण सप्लायच स्पीकरवर, कॉइल जळून धूर. दुसऱ्या बोर्डाला तेच, तिसऱ्याला तेच. कळव्याला एक जुने रेडिओ-टेपवाले काका आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी बोर्ड उलटा केला, भिंग लावलं आणि म्हणाले, “बाळा, हा फीडबॅकचा ट्रॅक बघ.” बोर्डावरची तांब्याची वाट, तिच्यावर हिरव्या रंगाखाली केसाएवढी सरळ रेघ. ब्लेडने कापलेला. आउटपुटचा थोडा भाग इनपुटच्या जोडीकडे परत जातो, त्यावर बोर्ड स्वतःला शून्यावर धरून ठेवतो, ती वाट तोडली की आउटपुट जाऊन एका रेलला, म्हणजे प्लस किंवा मायनस सप्लायला, चिकटतं. घरी येऊन बाकीचे बघितले. २० पैकी १४ बोर्डांना एकाच जागी तीच रेघ.

काकांनी पैसे घेतले नाहीत. अर्ध्या तासात क्लासच्या आठ रविवारांपेक्षा जास्त सांगितलं, वर चहा पाजला.

मी कापलेल्या जागी वायरचा जंपर मारून ११ बोर्ड चालू केले आणि परत नेले. तिथला पोरगा म्हणाला क्यूसी (तपासणी) फेल, जंपर मारलेला चालत नाही, अ‍ॅग्रीमेंट वाचा. वाचलं. होतं लिहिलेलं, चौथ्या पानावर, ‘मूळ बोर्डात बदल आढळल्यास डिपॉजीट जप्त’. डिपॉझिट आधी आणि काम नंतर, तिथे अ‍ॅग्रीमेंट उलटीकडून वाचायला सुरुवात करा. दहा दिवसांनी गेलो तर गाळ्याला कुलूप, सरांचा फोन बंद. शेजारचा म्हणाला ते महिन्याच्या भाड्यावर होते.

आता सरकारी दरबार. मी राहतो नवी मुंबईत, क्लास ठाण्यात, म्हणजे दोन आयुक्तालयं. आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात म्हणाले घटना ठाण्यात, ठाण्याच्या ठाण्यात जा. तिथे गेलो तर म्हणे पैसे तुम्ही घरून यूपीआय केले ना, मग तिकडेच. मी म्हटलं झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घ्यायची तक्रार, कुठेही घेता येते, नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. हवालदार म्हणाले, वकील आहात का? मग बोर्ड काढून कापलेला ट्रॅक दाखवला, भिंग सोबत नेलं होतं, फीडबॅक समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग चांगलंच शिकवलंय की त्यांनी तुम्हाला. फसवणूक कुठे झाली?” बाजूचे दोघं फिदीफिदी हसले. शेवटी ‘सिव्हिल मॅटर आहे’ आणि एका कागदावर पोच. चार फेऱ्यांत एवढंच. चार हाफ डे गेले त्याचा हिशोब कोण देणार?

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. बाई चांगल्या बोलल्या, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते. तो नंबर पहिल्या काही तासांत लावला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते, नंतर नुसता तक्रार क्रमांक मिळतो. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. हो टाकला, तेव्हा ते सर होते! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, म्हणून आधी त्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ‘लेफ्ट’ शेरा मारून परत आली. आता नवा पत्ता मी कुठून आणू? तो शोधायचं काम ज्यांचं, ते मला शिकवणीचं सर्टिफिकेट देतायत.

बायकोला सगळं सांगितलं त्या रात्री ती एवढंच म्हणाली, “अहो, दुसऱ्या रविवारीच मला दाखवलं होतंत ना, दोन्ही चांगले आहेत म्हणून.” मी दाखवलं होतं. मीच विसरलो होतो.

त्याच बॅचचे आत्तापर्यंत चार जण सापडलेत, एकाचे ४१,४४८, दोघांचे २१,४४८ (डिपॉझिट दिलं नाही, शहाणे) आणि एक मी. कोणाच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये ‘डिपॉजीट’ असंच लिहिलेलं असेल तर मेसेज करा, बोर्ड असतील तर ते भंगारात देऊ नका, उलटे करून ट्रॅकचे फोटो काढा. शनिवारी चौघं मिळून परत जातोय, कळव्याचे काका पण येतो म्हणालेत, भिंग घेऊन.