तीन महिन्यांत आठ किलो: कोथरूडच्या एका वजन-नियंत्रण केंद्राबद्दल

वजन कमी झाले का, असे गेल्या महिनाभरात शेजारणींपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी विचारले आणि त्याचे खरे उत्तर ‘हो, झाले’ असेच आहे. कोथरूडमधल्या एका वजन-नियंत्रण केंद्रात जूनमध्ये मी नाव घातले तेव्हा काटा ७४.२ किलो दाखवत होता आणि सप्टेंबरात सोडले तेव्हा ६८.६. तरीही मी या सेवेची शिफारस करणार नाही. केंद्राचे नाव देत नाही, कारण या पद्धतीने चालणारे ते एकटेच नसावे.

जाण्याचे कारण साधे होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी (एचबीए१सी) ६.२ टक्के आली आणि डॉक्टरांनी चार-पाच किलो उतरवायला सांगितले. केंद्र स्वच्छ आहे, पैशांची पावती लगेच मिळते, दिलेली वेळ पाळली जाते. आहाराचा तक्ताही मुळात वाईट नव्हता: ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मुगाची उसळ, ताक, भरपूर कोशिंबीर आणि माणशी महिन्याला अर्धा लिटर तेलाचा हिशेब. त्यातले बरेचसे मी अजून पाळते. पाचपैकी दोन तारे देते आहे, ते याच तक्त्यासाठी.

खटकायला लागले ते काट्यापासून. पायाखालून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडून शरीरातल्या चरबीचा अंदाज करणारे एक यंत्र तिथे आहे. शरीरात पाणी किती आहे यावर त्याचा आकडा हलतो, त्यामुळे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा येऊ शकतो, हे मात्र कोणी सांगितले नाही. बावन्न वर्षांच्या मला ‘तुमच्या शरीराचे वय एकसष्ट’ असे सुनावून कागद हातात देण्यात आला. पहिल्या आठवड्यात २.३ किलो उतरले तेव्हा टाळ्या वाजल्या. वास्तविक खाणे एकदम घटले की शरीरातली साठवलेली साखर आणि तिने धरून ठेवलेले, तिच्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणी आधी जाते, चरबी नव्हे. दुसऱ्या आठवड्यात चारशे ग्रॅमच उतरले, तर समुपदेशक बाई सगळ्यांसमोर हसत म्हणाल्या, “कुठं चोरून खाल्लंत काकू?”

चोरून हा शब्द तिथे सहज वापरला जातो. व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज रात्री नऊला ताटाचा फोटो टाकायचा आणि खाली ‘आजची चूक’ लिहायची, अशी शिस्त होती. चहातली साखर, मुलाच्या डब्यात उरलेला अर्धा पराठा, लग्नातली जिलबी यांची कबुली बायका अशा भाषेत देत, की जणू कोणाचे पैसे लाटले होते. मीही दिली. पन्नाशी ओलांडलेली, घर आणि नोकरी दोन्ही निभावलेली बाई एका श्रीखंडवडीबद्दल क्षमा मागते, हे तेव्हा मला विचित्रही वाटले नाही.

दर शनिवारी वजनाला माझ्यापुढे एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी असे. माझ्या मते तिला वजन उतरवण्याची गरजच नव्हती. काट्यावर चढण्याआधी ती चपला काढी, मग घड्याळ, मग हातातले एकुलते कडे. एकदा तिने केसांचा चिमटाही काढला आणि तळहातावर ठेवून क्षणभर तोलून पाहिला. स्वागतकक्षातली मुलगी आकडा मोठ्याने वाचत असे, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. तो ऐकून ही माझ्याकडे वळून म्हणाली, “काकू, काल रात्रीपासून मी पाणीपण नाही प्यायले.” समुपदेशक बाईंनी ते ऐकले आणि म्हणाल्या, “जिद्द हवी तर अशी.”

खरे तर खाण्याशी असलेले नाते असे बिघडत चालल्याचे आपल्याकडे ओळखायला अवघड जाते, त्याचे एक कारण उपास हेच आहे. पानावर बसून कोणी जेवत नसेल तर आई विचारील, पण ‘आज उपास आहे’ म्हटले की प्रश्न संपतो, उलट कौतुक होते. श्रावणात एका हळदीकुंकवाला मी स्वतः ही सबब सांगितली. शिवाय ‘सुकलीस गं’ आणि ‘अंग धरलंस हो’ ही आपली भेटल्याबरोबरची वाक्ये, आणि स्थळाच्या माहितीत ‘बांधा सडपातळ’ हे आपण शिक्षणाच्या खालोखाल छापतो. केंद्राने काही नवे शिकवले असे नाही. आपल्याकडे होते तेच त्याने पैसे घेऊन पक्के केले.

माझे डोळे उघडले ते गणपतीत. शेजारून आलेला उकडीचा मोदक मी ओट्यावरच्या छोट्या काट्यावर ठेवला. बासष्ट ग्रॅम. मग त्याचे उष्मांक मोबाईलवर शोधत उभी राहिले, तेवढ्यात यजमान म्हणाले, “अगं, तूप तरी सोड त्याच्यावर, गार झाला.” त्याच सुमारास रात्री साडेअकरापर्यंत मी पुरणपोळीच्या चित्रफिती पाहत बसे, जी मी वर्षातून दोनदाच करते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये छत्तीस धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. ते तरुणही पाककृतींची पुस्तके वाचत बसत आणि अन्नाखेरीज दुसरे काही त्यांच्या मनात टिकत नसे. त्यांना दिवसाला साधारण पंधराशे ते सोळाशे उष्मांक मिळत. ते पुरुष होते आणि त्यांना रोज बरेच चालावे लागे, हा फरक मान्य. पण आमच्या तक्त्याची बेरीज अकराशे होती.

खाण्याच्या विकाराची शक्यता ओळखायला डॉक्टर वापरतात अशी एक छोटी प्रश्नावली आहे, ‘स्कॉफ’ नावाची, १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली. पोट फार भरले म्हणून मुद्दाम उलटी काढता का, किती खातो यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन गेले का, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजता का, अन्नाने तुमच्या आयुष्याचा ताबा घेतला आहे असे वाटते का, असे पाचच प्रश्न. दोन उत्तरे ‘हो’ आली तर तज्ज्ञाला भेटावे, असा संकेत आहे; तो निदान नव्हे. त्यातला तिसरा प्रश्न वाचताना मला केंद्राच्या दारावरची जाहिरातच आठवली: ‘तीन महिन्यांत आठ किलो, हमखास’.

नाव घालणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी आहार सांगणारी व्यक्ती नोंदणीकृत आहारतज्ज्ञ आहे का, हे विचारावे. मी ते उशिरा विचारले. उत्तर मिळाले, ‘सहा आठवड्यांचा कोर्स केलाय.’ आणि घरात कोणाची पाळी चुकू लागली, केस मुठीने गळू लागले, जेवणानंतर न्हाणीघराचे दार रोज बराच वेळ बंद राहू लागले, तर ‘डाएट चालू आहे’ म्हणून सोडून देऊ नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्यसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येते.

शेवटच्या दिवशी उरलेल्या दोन आठवड्यांचे पैसे परत मागितले, ते मिळाले नाहीत. निघताना स्वागतकक्षात त्या मुलीची चौकशी केली. “ती ना? सहा महिन्यांच्या पॅकेजला गेली मॅडम, रिझल्ट छान आहे तिचा.” निदान वजने मोठ्याने वाचू नका, असे मी सुचवले. “पण त्यानंच तर सगळ्यांना मोटिव्हेशन मिळतं,” ती म्हणाली आणि तिने पुढच्या बाईंना काट्यावर बोलावले.