सोलापुरातील एका वाचनालयाचा संदर्भ विभाग: एका इंग्रजी विशेषणाच्या निमित्ताने

आमच्या महाविद्यालयाचा मूल्यांकन अहवाल इंग्रजीत तयार करताना 'ग्रंथालयीन सुविधा', 'ग्रंथालयीन उपक्रम' अशा शीर्षकांसाठी मसुद्यात सर्वत्र 'बिब्लिओग्राफिक' हे विशेषण योजले गेले होते. ग्रंथांच्या नोंदी आणि सूची यांच्यापुरता तो शब्द योग्य आहे. वाचनकक्षाच्या वेळा किंवा पुस्तकांची देवघेव यांना तो लागू पडत नाही. मग 'ग्रंथालयीन'साठी योग्य इंग्रजी विशेषण कोणते, हा प्रश्न घेऊन मी शहरातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या संदर्भ विभागात गेलो आणि तेथे मिळालेल्या सेवेविषयी आवर्जून लिहावेसे वाटले.

ग्रंथपाल बाईंनी लगेच एखादा शब्द सुचवला नाही. मजकूर कोण वाचणार आहे आणि विशेषण कोणत्या नामाला लावायचे आहे, हे त्यांनी आधी विचारून घेतले. संदर्भसेवेचे खरे कौशल्य या विचारपुशीतच असते, असे मला वाटते. त्यानंतर ड्युई वर्गीकरणातील (पुस्तके विषयवार क्रमांक देऊन लावण्याच्या पद्धतीतील) ४२३ या क्रमांकाखालच्या इंग्रजी कोशांमधून त्यांनी १९८९ च्या वीस खंडांच्या ऑक्सफर्ड कोशाचा दुसरा खंड काढून दिला. त्यात 'बिब्लिओथेकल' हे ग्रंथालयाशी संबंधित अशा अर्थाचे, ग्रीक मुळाचे विशेषण नोंदलेले आहे. मात्र शेजारीच असलेला विद्यार्थ्यांसाठीचा कोशही त्यांनी उघडून दाखवला आणि त्यात हा शब्द नाही, याकडे लक्ष वेधले. कोशात शब्द असणे आणि तो वापरात असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी अशा रीतीने, एकही उपदेश न करता, पटवून दिले.

मग व्यवसायातील लोक स्वतः काय लिहितात, याकडे चर्चा वळली. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या 'अमेरिकन लायब्ररी असोसिएशन'च्या नावात आणि भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या 'फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स' या ग्रंथाच्या शीर्षकात 'लायब्ररी' हे नामच विशेषणाचे काम करते. मराठीत 'ग्रंथालयीन' हे रूप सहज घडते, म्हणून इंग्रजीतही तसाच प्रत्यय लागलेला शब्द असलाच पाहिजे, या समजुतीमुळे आपल्याकडच्या अहवालांत अवघड शब्दांची भर पडत असावी. आम्ही अखेर 'लायब्ररी सर्व्हिसेस', 'लायब्ररी फॅसिलिटीज' असेच लिहिले, आणि अहवाल वाचायला पुष्कळ सोपा झाला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कोशांच्या कपाटाजवळ उजेड अपुरा आहे, मोठे खंड ठेवून वाचण्यासाठी उतरते मेज नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी तेथे बसणे कठीण होते. तरीही भाषांतर, अहवाललेखन किंवा अध्यापन करणाऱ्या सोलापूरकरांनी या विभागाचा लाभ अवश्य घ्यावा. संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत, त्यामुळे वही सोबत न्यावी आणि शक्यतो सकाळची वेळ निवडावी.