वायरचा जीपीएस की चुंबकाचा? ट्रॅक्टर, जेसीबी आणि ट्रॉलीवाल्यांसाठी

ट्रॅक्टरला बॅटरी असते, ट्रॉलीला नसते. जीपीएस कोणता घ्यायचा याचा निम्मा निर्णय एवढ्यावरच होतो, पण दुकानात आपण आधी किंमतच विचारतो.

दोन्ही डब्यांचं काम एकच. उपग्रहांवरून जागा काढायची आणि आतल्या सिमवरून ती आपल्या मोबाइलवर धाडायची. फरक विजेचा. वायरचा डबा गाडीच्या बॅटरीवर चालतो, चुंबकाने लोखंडाला चिकटणारा स्वतःच्या बॅटरीवर.

जेसीबी तासावर भाड्याने देत असाल तर फार विचार करू नका, वायरचाच घ्या. त्याची एक वायर चावीच्या लाइनला जोडली की चावी कधी ऑन झाली, कधी ऑफ, हे घरबसल्या कळतं. तासांवरून होणारे निम्मे वाद तिथेच मिटतात. निम्मेच, कारण चावी ऑन म्हणजे बकेट चालू असं नाही. आणि डिझेल किती उरलं हे जीपीएसला कळत नाही, त्यासाठी टाकीत वेगळा सेन्सर बसवावा लागतो. मशीन नवीन असेल तर आधी डीलरला विचारा. जेसीबीच्या बऱ्याच मशीनवर कंपनीचं लाइव्हलिंक, म्हणजे मशीनची जागा आणि तास दाखवणारी सोय, असतंच, मग एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे कशाला?

वायरच्या डब्यासोबत 'मोबाइलवरून इंजिन बंद करा' ही सोय आवर्जून दाखवतात. जुन्या ट्रॅक्टरवर तिचा उपयोग अर्धाच. यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज उरत नाही, ते बंद होतं स्टॉपचा खटका ओढल्यावर. त्यामुळे रिले, म्हणजे लांबून वीज तोडणारा स्विच, स्टार्टरच्या लाइनवर बसवतात. चालता ट्रॅक्टर त्याने थांबत नाही, बंद असलेला पुन्हा सुरू होत नाही. चोरीसाठी तेवढं पुरे आहे. चालती गाडी लांबून बंद करणं एरवीही धोक्याचंच, मागे भरलेली ट्रॉली असेल तर विचारूच नका.

वायरवाल्याचा खरा त्रास पावसाळ्यात कळतो. डबा 20 मिलिअँपिअर खात असेल तर दोन महिने शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरची जवळपास 29 अँपिअर-तास वीज तो एकटाच पितो. 80 अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर एक तृतीयांशाहून जास्त गेली, आणि बॅटरी जुनी असेल तर सेल्फ लागणार नाही. म्हणून झोपेच्या मोडमध्ये तो किती वीज घेतो, हे विचारूनच घ्या.

आता चुंबकाचा. ट्रॉली, टँकर, रोटाव्हेटर, साइटवरचा जनरेटर यांच्यासाठी हाच. जाहिरातीत 'चार महिने बॅटरी' असतं आणि 'लाइव्ह लोकेशन'ही असतं. दोन्ही खरं, पण एकाच वेळी नाही. हिशोब ढोबळ आहे: 10,000 मिलिअँपिअर-तासाची बॅटरी, तासाला एकदा दोन मिनिटं जाग, तेव्हा 100 मिलिअँपिअर खर्च. दिवसाला 80 मिलिअँपिअर-तास पडतात, म्हणजे चार महिने. तोच डबा सतत लाइव्ह ठेवला आणि सरासरी 50 मिलिअँपिअर धरले, तर 200 तास, आठवडाभर. दिवसातून दोनदा जागा कळली तरी ट्रॉलीला पुरते. चोरीचा संशय आला की मग लाइव्ह करायचं, पण डबा पुढच्या वेळी जागा होईल तेव्हाच तो हुकूम पोचतो, हे ध्यानात ठेवा.

चोरीच्या बाबतीत मात्र चुंबकवाला सरस. चोर आधी बॅटरीची वायर तोडतो. वायरच्या डब्यातली छोटी बॅटरी 'वीज गेली' असा इशारा देते, काही तास टिकते, मग गप्प. लपवलेल्या चुंबकी डब्याचा त्याला पत्ताच नसतो. फक्त चुंबकावर विसंबू नका. आमचा एक डबा फडाच्या रस्त्यावर असाच निखळून पडला, आणि मोबाइलवर ट्रॉली दोन दिवस एका बांधावर उभी दिसत होती. तारेने बांधा. लोखंडी पेटीच्या आत ठेवू नका, त्याला आभाळ दिसायला हवं.

सामानाला लावायचे ब्लूटूथ टॅग स्वस्त म्हणून कोणी सुचवेल. त्यांत जीपीएसही नसतो, सिमही नसतं. जवळून कोणाचा तरी फोन गेला तरच जागा कळते. शिवारात कोण जातंय? शिवाय चोराच्याच फोनवर 'तुमच्यासोबत टॅग फिरतोय' अशी सूचना जाऊ शकते.

वाळू-मुरूम वाहणाऱ्या गाडीला निवडीचा प्रश्नच नाही, तिथे राज्य सरकारच्या महाखनिज प्रणालीशी जोडलेलाच जीपीएस लागतो. भाड्याने प्रवासी वाहणाऱ्या गाडीला एआयएस-140 या सरकारी मानकाचा.

माझ्यापुरतं ठरलंय: जेसीबी आणि ट्रॅक्टरला वायरचा, ट्रॉली आणि जनरेटरला चुंबकाचा. कर्जावरच्या नव्या ट्रॅक्टरला दोन्ही. फक्त 2जीवर चालणारा डबा मी घेत नाही, कारण जिओचं 2जी नेटवर्कच नाही आणि आमच्या वस्तीवर दुसऱ्या कोणाची रेंज येत नाही. दुसऱ्या वर्षी सिमचे आणि ॲपचे किती द्यावे लागतील, हे बिलावर लिहून घ्या. आणि दुकानदार ओळखीचा असेल तर पैसे देण्याआधी डबा एक रात्र आपल्या शेडमध्ये, पत्र्याखाली ठेवून बघा. सकाळी मोबाइलवर शेडऐवजी शेजारचं गाव दिसलं, तर डबा परत.