इनपुट गेन: काठोकाठ की जागा ठेवून?

इनपुट गेन म्हणजे रेकॉर्ड होण्याआधी माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते. मीटरवर ० डीबी (डेसिबल) ही कमाल मर्यादा. काठोकाठ म्हणजे सर्वांत मोठा आवाज उणे १ ते उणे ३ डीबीपर्यंत नेणं. जागा ठेवून म्हणजे तोच उणे १० ते उणे १२ च्या आसपास थांबवणं.

पहिली सवय १६ बिट डिजिटल रेकॉर्डिंगच्या दिवसांतली. तिथे सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजाचा पल्ला जेमतेम ९६ डीबी, म्हणून आवाज वर ठेवण्यात अर्थ होता. २४ बिटमध्ये कागदावर १४४ डीबी मिळतात, त्यामुळे १० डीबी खाली राहिल्याने काहीच बिघडत नाही. उलट ० डीबी ओलांडलं की लहरीचा माथा सपाट कापला जातो. नंतर सॉफ्टवेअरमधला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) कितीही खाली ओढा, तो चिरका आवाज तसाच राहतो, कारण फेडर रेकॉर्डिंगनंतरचा आहे.

तबल्यात हा धोका जास्त. ‘ना’ची थाप इतकी झटपट येऊन जाते की सरासरी दाखवणारा मीटर ती पकडतच नाही, क्षणिक शिखर दाखवणारा पीक मीटरच बघा. गायकाला मुखडा नाही, तारसप्तकातली सर्वांत जोरदार ओळ गायला सांगा, उणे १० वर गेन लावा, मग आणखी २-३ डीबी कमी करा. खऱ्या टेकला माणूस हमखास जोरात गातो.

मात्र उणे ३० पर्यंत उतरू नका, विशेषतः डायनॅमिक माइकवर (त्याचा सिग्नल मुळातच क्षीण असतो). नंतर वाढवताना खरखरही वाढते. पंख्याचा आवाज येतोय? गेनने तो हटणार नाही. माइक ३० सेंमीवरून १५ वर आणा, गाणं साधारण ६ डीबीने वर येईल, पंखा तिथेच राहील.