बिझनेस क्लासचे आठ महिने: पहाटे तीनची सेवा आणि हवेतली वाइन

गेल्या आठ महिन्यांत कामासाठी अकरा वेळा लांब पल्ल्याचा विमानप्रवास झाला, अकराही वेळा बिझनेस क्लासने. चार वेगवेगळ्या कंपन्या, प्रत्येक उड्डाण आठ तासांच्या वर, त्यातली सात रात्रीची. पहिल्या दोन खेपांना सगळंच छान वाटत होतं. नव्याचे नऊ दिवस सरले आणि तिसऱ्या खेपेपासून मी सोबत एक छोटी वही ठेवू लागले. कोणती वाइन आली, किती गार होती, बोलावल्यावर किती मिनिटांत कुणी आलं, झोप किती लागली, एवढंच तीत टिपायचं. पुढचं सगळं त्या वहीतून उतरवतेय.

आधी स्वागताबद्दल, कारण बहुतेकांचं मत तिथेच ठरतं. सीटवर टेकताच ट्रे पुढे येतो, शॅम्पेन किंवा फळांचा रस. पाठोपाठ गरम टॉवेल. कुणीतरी आडनावाने बोलतं, कोट मागून घेतं आणि अडकवून ठेवतं. हे अकराही वेळा उत्तम झालं, जिच्याकडे मी पुन्हा जाणार नाही त्या कंपनीतसुद्धा. विमान जमिनीवर उभं असतं, क्रू ताजातवाना असतो आणि हा भाग त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. शितावरून भाताची परीक्षा करायची आपली सवय इथे फसवते. म्हणून माझ्या वहीत स्वागताला गुण नाहीत. जेवणाच्या ताटल्या उचलल्या, दिवे मंद झाले की मग गुण सुरू.

पाचव्या प्रवासातली गोष्ट. पहाटेचे तीन वाजले असतील, घसा कोरडा पडून जाग आली. बटण दाबलं. डोक्यावरचा दिवा पंचवीस मिनिटं तसाच जळत राहिला. शेवटी उठून गॅलीपर्यंत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरापर्यंत गेले. पडदा ओढलेला, आत दोघं बोलत उभे. पाणी मिळालं, पण प्लॅस्टिकच्या पेल्यात अर्धं, आणि "आणखी काही लागलं तर सांगा" हे वाक्य पाठ फिरवता फिरवता. भांडण नाही, उर्मटपणाही नाही, पण माणूस म्हणून आपली दखल घेतली गेली नाही हे कळतंच. संध्याकाळी याच दोघांनी मला नावाने हाक मारली होती.

याउलट आठवा प्रवास. तसाच अंधार, तशीच वेळ. एक मध्यमवयीन क्रू साधारण वीस मिनिटांनी फेरी मारत होता. टॉर्चचा झोत जमिनीवर, पावलांचा आवाज नाही. जो जागा दिसला त्याच्या हाताशी पाण्याची बाटली ठेवायची, झोपलेल्याला अजिबात हलवायचं नाही. माझं पांघरूण खाली घसरलं होतं, ते त्याने उचलून पायाशी ठेवलं. मी डोळे उघडल्यावर हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही रात्री जेवला नाहीत. तुमचं ताट बाजूला ठेवलंय. केव्हाही सांगा, गरम करून आणतो." मी जेवले नव्हते हे मलाच लक्षात राहिलं नव्हतं. त्या रात्री वहीत मी फक्त एवढंच लिहिलं: याला माहीत होतं.

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लांबच्या उड्डाणात क्रू आळीपाळीने विश्रांती घेतो, त्यामुळे मध्यरात्री निम्मीच माणसं जागी असतात. सुरक्षितता हे त्यांचं पहिलं काम, खाणंपिणं त्यानंतर. म्हणून उशीर झाला की लगेच गुण कापत नाही. पण जागी असलेली दोन माणसं केबिनमध्ये फिरतात की पडद्याआड बसतात, हा फरक माणसांच्या संख्येचा नाही.

नाश्त्याचंही तसंच. दोन कंपन्यांत उतरण्याच्या अडीच तास आधी लख्ख दिवे लागले आणि सगळ्यांना उठवून ट्रे मांडले. आठ तासांच्या उड्डाणात मग झोपेला उरतं काय? एका कंपनीत मात्र रात्रीच विचारून घेतात, "नाश्त्याला उठवू की झोपू देऊ?" आणि उत्तर सीटक्रमांकासमोर लिहून ठेवतात. मी तिन्ही वेळा झोपू द्या म्हटलं, तिन्ही वेळा झोपू दिलं.

सीटबद्दल फार लिहीत नाही. पूर्ण आडवी होणारी सीट ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये २००० साली आणली, तेव्हा ती नवलाई होती. आता चारही कंपन्यांत सीट सपाट होते. फरक रचनेचा. एका रांगेत सीट १-२-१ अशा, म्हणजे मधे वाटा सोडून एक, दोन, एक असतील तर कुणालाही न ओलांडता उठता येतं, २-२-२ असेल तर खिडकीवाल्याला शेजाऱ्याच्या पायांवरून जावं लागतं. उंच माणसाने पाय ठेवायची खोबण किती अरुंद आहे ते आधी पाहावं, काही सीटमध्ये कुशीवर वळणं अवघड होतं.

आता वाइन. यासाठीच खरं तर वही घेतली होती.

पहिल्या काही प्रवासांत मी यादीतलं सर्वांत भारदस्त नाव मागायचे. एकदा तरुण, म्हणजे फारशी न मुरलेली काबर्ने सोव्हिन्यो ही रेड वाइन आली, नावाजलेल्या भागातली. पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या, वासाला जवळजवळ काही नाही, मागे नुसता तुरटपणा. वाटलं, बाटली खराब असेल. लेबल लिहून घेतलं आणि परतल्यावर तीच वाइन, त्याच वर्षाची, विकत आणून घरी उघडली. पिकलेल्या प्लमचा आणि देवदाराच्या लाकडाचा वास, तुरटपणा आहे पण फळाच्या आत मुरलेला. बाटलीत दोष नव्हता. ती वाइन वरच्या हवेसाठी निवडायलाच नको होती.

कारण समजून घेतल्यावर माझं मागणं बदललं. विमान कितीही उंच उडालं तरी केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका राखतात. आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या खाली. नाक आतून सुकतं, आणि वाइनची निम्मी मजा नाकात असते. जर्मनीत होल्झकिर्खनला फ्राउनहोफर या संशोधन संस्थेकडे एका मोठ्या कमी दाबाच्या नळकांड्यात एअरबस विमानाचा पुढचा भाग बसवलेला आहे. लुफ्तान्झा या जर्मन विमान कंपनीसाठी तिथे चवीच्या चाचण्या झाल्या. तीच चव लागायला मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के जास्त लागते, असं दिसलं. फळांची आंबट चव मात्र बऱ्यापैकी टिकून राहते. म्हणजे वर वाइनमधला गोडवा आणि फळ मागे हटतं, आम्लता आणि तुरटपणा पुढे येतो. जमिनीवर जी वाइन जेमतेम तोल सांभाळून असते, ती वर कोसळते.

त्यात इंजिनांची घरघर. कॉर्नेल विद्यापीठात २०१५ मध्ये विमानाच्या आवाजाइतक्या म्हणजे ८५ डेसिबलच्या गोंगाटात लोकांना चवी देऊन पाहिल्या. गोडाची जाणीव घटली आणि उमामी, म्हणजे मशरूम, टोमॅटो किंवा मांसाच्या रश्शात लागते ती भरीव चव, उलट वाढली. हे वाचल्यापासून मी जेवताना आवाज दाबणारे हेडफोन लावते. क्रूला ते बोलायची इच्छा नसल्याचं लक्षण वाटू शकतं, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. सहाव्या प्रवासात रीसलिंग ही व्हाइट वाइन अर्धी हेडफोन लावून आणि अर्धी काढून प्यायले. काढल्यावर ती पातळ वाटली. माझ्यापुरता हा निकाल पक्का झाला.

वहीत सर्वांत जास्त गुण याच रीसलिंगला आहेत, किंचित गोडसर अंगाची, वासाला भरभरून. रेडमध्ये फळाळ पिनो न्वार आणि मऊ मालबेक वर छान चालतात. कडक, तरुण, तुरट रेड मी आता मागत नाही, लेबल कितीही मोठं असो. जेवणानंतर चीजसोबत पोर्ट ही गोड, कडक वाइन घ्यावी. तिच्यात गोडवा इतका असतो की थोडा हरवला तरी पुरून उरतो. अकरा प्रवासांत पोर्टने एकदाही निराश केलं नाही.

शॅम्पेनसाठी एक साधी विनंती कामी आली. उंच, चिंचोळ्या ग्लासात वास वर यायला जागाच नसते आणि वरच्या कोरड्या हवेत तर नाकाला तो शोधावा लागतो. तीन वेळा मी व्हाइट वाइनच्या ग्लासात मागितली. तिन्ही वेळा फरक उघड होता, भाजलेल्या पावाचा तो खरपूस वास पहिल्यांदा मिळाला. चौथ्यांदा मागितली तेव्हा मात्र "आमच्याकडे अशी पद्धत नाही" असं उत्तर आलं. ग्लास मागेच ट्रॉलीवर होता.

वाइनचं तापमान हा सेवेचाच भाग आहे. गॅलीत जागा तुटपुंजी. रेड आणि व्हाइट एकाच थंड कप्प्यात ठेवल्या जातात, आणि दहा अंशांवर आलेली रेड ही कंपनीने कितीही पैसे मोजून घेतलेली असो, तोंडात लोखंडासारखी लागते. नवव्या प्रवासात असंच झालं. मी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसले होते. क्रूमधली एक तरुण मुलगी जाता जाता थांबली. काही न विचारता परत गेली, बाटली घेऊन आली, हाताची पाठ बाटलीला लावून पाहिली आणि म्हणाली, "फारच गार आहे. मला वीस मिनिटं द्या." बाटली तिने ओव्हनजवळच्या फळीवर ठेवली, ओव्हनला न चिकटवता. वीस मिनिटांनी आली, नवा ग्लास, आधी दोन घोटांइतकीच ओतली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. मी मान डोलावल्यावर बाकीची ओतली. वाइन तीच, पण आता तिच्यात चेरी होती.

त्याच्या पुढच्याच प्रवासात, वेगळ्या कंपनीत, शार्डने ही व्हाइट वाइन कोमट आली. सांगितल्यावर चमच्याने बर्फाचे दोन खडे ग्लासात पडले. मी काही बोलायच्या आत. त्या वाइनची निवड चांगली होती, ज्याने कुणी केली असेल त्याच्यासाठी वाईट वाटलं.

विमान कोणतं आहे हेही बघत जा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये केबिनची हवा साधारण सहा हजार फुटांइतकी राखतात, जुन्या विमानांत ती आठ हजारांपर्यंत जाते. माझ्या वहीतल्या व्हाइट वाइनच्या चांगल्या नोंदी बहुतेक याच विमानांतल्या आहेत, आणि उतरल्यावर डोकंही कमी जड असतं. चहाला मात्र फारसा फरक पडत नाही. आठ हजार फुटांच्या दाबाला पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे विमानातल्या काळ्या चहाकडून मी अपेक्षा ठेवत नाही.

जेवणाबद्दल एकच नोंद. सगळं जमिनीवर शिजवून, झटपट गार करून, वर पुन्हा तापवलेलं असतं. म्हणून सॉसमध्ये भिजलेलं, मंद आचेवर शिजवलेलं काही मागावं. माशाचा कोरडा तुकडा चारपैकी तीन वेळा चामड्यासारखा निघाला.

पिण्याबाबत माझी सवय मध्यावर बदलली. जर्मन अंतराळ केंद्राच्या संशोधकांनी २०२४ मध्ये थोरॅक्स या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापला. तरुण, निरोगी लोकांना मद्य देऊन विमानाइतक्या कमी दाबाच्या खोलीत झोपवलं. झोपेत रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ८८ च्या घरात गेले. माझ्या पहिल्या चार रात्रींच्या नोंदी हे वाचून पुन्हा काढल्या. जेवणानंतर आणखी एक ग्लास घेतलेल्या दोन रात्री, आणि दोन्हींसमोर "छातीत धडधड, तीनला जाग" असं लिहिलेलं. आता रात्रीच्या उड्डाणात जेवणासोबत दोन छोटे घोटभर ग्लास, मग फक्त पाणी. झोप सुधारली, आणि गंमत म्हणजे वाइनही जास्त लक्ष देऊन पिते. दिवसाच्या उड्डाणात सावकाश चार वाइन चाखते.

पुढच्या महिन्यात बारावा प्रवास आहे. चार कंपन्यांपैकी सर्वांत चकचकीत सीट आणि सर्वांत लांब वाइनची यादी पहिल्या कंपनीकडे, पण तिकीट मी तिसरीचं काढलंय. रचना २-२-२, विमान जुनं, यादीत रेड दोनच. पण बाटलीला हाताची पाठ लावणारी मुलगी तिथलीच होती, ताट बाजूला ठेवणारा माणूसही तिथलाच, आणि झोपू द्या म्हटलं की झोपू देतात तेही तिथेच. सीट वाटेलगतची घेतलीय, म्हणजे कुणाला ओलांडायला नको. चढल्या चढल्या एवढंच सांगणार आहे, की रेड जेवणाच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.