किरमिजी की डाळिंबी? गडद लाल छटेला नाव देताना

चादरींच्या रंगपत्रिकेत गडद लाल छटेसमोर कोणता शब्द लिहावा, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्याची ऑर्डरवही मी अनेक वर्षे लिहितो आणि हे दोन्ही शब्द मी वापरून पाहिले आहेत.

डाळिंबीची बाजू भक्कम आहे. संस्कृत 'दाडिम'चे मराठीत डाळिंब झाले, कानडीत दाळिंबे आणि तेलुगूत दानिम्मा. त्यामुळे या तिन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या आमच्या कारखान्यात हा शब्द कोणालाच समजावून सांगावा लागत नाही. शिवाय आमचा जिल्हाच डाळिंबाचा. केगावला २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. किरमिजी म्हटले, की नवा मुलगा हमखास "म्हणजे कोणता?" असे विचारतो.

तरीही डाळिंबी माझ्या वहीतून गेला, तो एका त्रासापायी. एका व्यापाऱ्याने फोनवरून डाळिंबी चादरी मागवल्या. मी भगवा जातीच्या दाण्यासारखे काळपट लाल सूत रंगवून घेतले; त्यांच्या मनात मात्र जुन्या गणेश जातीचे फिकट गुलाबी दाणे होते. सगळा माल परत आला. त्या दिवशी टेबलावर एक भगवा डाळिंब चिरून ठेवले आणि पाहत बसलो: साल केशरी झाकेची, आतला पापुद्रा फिकट पिवळा, दाणे गर्द लाल. रंगाऱ्याला विचारले, तर त्याच्या मते डाळिंबी म्हणजे फुलाचा रंग, आणि फूल तर शेंदरी असते.

किरमिजीत ही ओढाताण मला सहसा आढळली नाही आणि त्याचे कारण बहुधा शब्दाच्या जन्मात आहे. फारसीत 'किर्म' म्हणजे किडा, आपल्या 'कृमी'चाच सगोत्र. भूमध्य समुद्राकाठच्या ओक झाडांवर वाढणाऱ्या बारीक किड्यांच्या माद्या वाळवून जो तांबडा रंग काढत, त्याला अरबीत 'किर्मिझ' म्हणत. इंग्रजीतले क्रिम्झन आणि कार्माइन हे त्याच कुळातले. म्हणजे हे मुळात रंगद्रव्याचेच नाव आहे. डाळिंबी हे केवळ साम्यावरून पडलेले नाव. डाळिंबाची साल तुरटीसोबत उकळली तर सुताला पिवळा रंग चढतो.

आज सगळे रंग रासायनिक असल्यामुळे हा वंशवृत्तान्त कोणाला गैरलागू वाटेल, तर ते मी समजू शकतो. किरकोळ दुकानाच्या पाटीवर डाळिंबी शब्द गिऱ्हाइकाला अधिक जवळचा वाटेल, हेही मान्य आहे. सुताच्या लड्यांना बांधायच्या चिठ्ठीवर मात्र मी किरमिजीच लिहितो, आणि नव्या मुलाने विचारले, की त्याच सुताचा वीतभर तुकडा त्याच्या हातात देतो.